मेंदूतील रक्तस्राव : कवटी न उघडता उपचार

मेंदूला रक्त पुरविणाऱ्या धमनीची भिंत काही वेळा, बहुधा जेथे फाटा फुटतो तेथे, दुबळी होऊन बाहेर फुगते. हा फुगवटा फुटला की मेंदूभोवती रक्त पसरते. क्षणार्धात उठणारी, पूर्वी कधी न अनुभवलेली तीव्र डोकेदुखी, उलट्या, मान ताठणे आणि शुद्ध हरपणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. फुगवटा पुष्कळदा एक सेंटिमीटरहूनही लहान असतो. परंतु आकार लहान म्हणून धोका लहान असे नव्हे.

फुटलेली जागा रक्ताच्या गुठळीने तात्पुरती बुजते. मात्र पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक असते. त्यामुळे फुगवटा लवकर बंद करणे अगत्याचे ठरते. १९३७ मध्ये अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून फुगवट्याच्या मानेला चिमटा बसविला. १९९० मध्ये लॉस एंजेलिस येथे डॉ. गुलिएल्मी यांच्या पद्धतीने निराळी वाट खुली झाली. जांघेतील धमनीतून बारीक नळी क्ष-किरणांच्या साहाय्याने मेंदूपर्यंत नेऊन फुगवट्यात प्लॅटिनमच्या मऊ तारेची वेटोळी भरली जातात. आत रक्त गोठून फुगवट्याचा रक्तप्रवाहाशी संबंध तुटतो.

दोन्ही उपचार शक्य असलेल्या २,१४३ रुग्णांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. यांतील बहुसंख्य फुगवटे लहानच होते. वर्षअखेर मृत वा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण तारेच्या उपचारात २३.७ टक्के, तर शस्त्रक्रियेत ३०.६ टक्के आढळले.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. काही रुग्णांवर पुन्हा उपचार करावे लागतात. तीन मिलिमीटर वा त्याहून लहान फुगवट्यात तारेचे टोक भिंतीला लागून तो उपचाराच्या वेळीच फुटण्याचा संभव अधिक असतो. म्हणून तेथे अतिशय मऊ तारा आणि अनुभवी हात लागतात. साठलेल्या रक्ताचा मोठा गोळा काढावयाचा असल्यास शस्त्रक्रियाच श्रेयस्कर ठरू शकते. निवड तज्ज्ञांनी मिळून करावयाची असते.

परंतु रुग्ण वेळेवर पोहोचला तरच या निवडीला अर्थ आहे. अशी डोकेदुखी उन्हाची वा पित्ताची समजून रात्र काढणे प्राणघातक ठरू शकते. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही लक्षणे गावात समजावून सांगावीत. प्रसंग येताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून, सी. टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्णास विनाविलंब पोहोचवावे. रक्तदाबावर नियंत्रण आणि तंबाखू व धूम्रपानाचा त्याग हे प्रतिबंधाचे उपाय प्रत्येकाच्या हाती आहेत.