खुडूक कोंबडीचे २१ दिवस

बुलडाणा जिल्ह्यातल्या खेड्यात अंगणात कोंबड्या असतातच. त्यामुळे या पाठाला साहित्य विकत आणावं लागत नाही!

गावरान कोंबडी अंडी द्यायची थांबली, जागेवरून उठेना, हात नेला की पिसं फुलवते, म्हणजे ती खुडूक झाली. गिरिराजासारख्या सुधारित कोंबड्या अंडी जास्त देतात, पण खुडूक क्वचितच होतात.

तिला संध्याकाळी बसवावं. टोपल्यात तणस, त्यावर दहा-बारा ताजी अंडी. एप्रिल-मेच्या उन्हात पडून राहिलेली अंडी नकोत. त्यांतला गर्भ अर्धवट वाढून मरतो आणि तीन आठवड्यांनी हाती काहीच येत नाही. ज्या घरात अंडी विकून वह्या-पेन्सिली येतात, तिथे हे नुकसान लहान नसतं.

बसवल्याची तारीख मुलांनाच कॅलेंडरवर लिहू द्या. सातव्या रात्री अंधारात अंड्याखाली टॉर्च धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर आत जीव आहे. काहीच दिसलं नाही तर अंडं फळलेलं नाही. इथे मुलं हमखास विचारतात, "सर, दुकानातल्या अंड्यातून पिल्लू का निघत नाही?" उत्तर सोपं आहे: अंड्यांच्या फार्मवर कोंबडा नसतो.

एकविसाव्या दिवशी पिल्लू चोचीवरच्या बारीक टोकाने कवच फोडतं. त्याला मदत म्हणून कवच सोलू नये. पोटात बलक शिल्लक असतो, त्यामुळे पहिला दिवस उपाशी गेला तरी चालतं. पाच-सात दिवसांनी मात्र राणीखेतची लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात एक थेंब द्यावीच.