शीतलतेची शिदोरी

प्रत्येक उबदार वस्तू डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकीत असते. धुळीच्या मेघांआड जन्मणाऱ्या ताऱ्यांचा वेध याच किरणांनी घेता येतो. परंतु दुर्बीणच उबदार असली, तर तिच्या स्वतःच्या किरणांत ताऱ्यांचे क्षीण किरण हरवून जातात. भर दुपारी काजवा शोधावा, तसेच ते होय! म्हणून अशी दुर्बीण अतिशय थंड ठेवावी लागते.

त्यासाठी शास्त्रज्ञ तिच्याबरोबर द्रवरूप हेलियमची शिदोरी देत. माठातून पाझरलेले पाणी वाफ होऊन जाताना आतील पाणी गार करते. त्याचप्रमाणे हेलियम वाफ होताना दुर्बिणीची उष्णता शोषून घेते. मात्र ती वाफ अवकाशात निघून जाते आणि शिदोरी दिवसेंदिवस घटते. १९८३ च्या जानेवारीत सोडलेल्या 'आयरास' दुर्बिणीचे हेलियम दहा महिन्यांत सरले. २००९ साली निघालेल्या 'हर्शेल' दुर्बिणीने २,३०० लिटरांहून अधिक हेलियम नेले होते. तेही २९ एप्रिल २०१३ रोजी संपले. दुर्बीण धडधाकट होती. परंतु शीतलता सरताच तिची दृष्टी गेली.

मग ही शिदोरी अंतराळातच पुन्हा का भरू नये? तेथे द्रव पात्राच्या तळाशी स्थिर राहत नाही. त्यामुळे तो ओतता येत नाही. परंतु उणे २७१ अंश सेल्सिअसच्या आसपास हेलियम अतिप्रवाही होते आणि अतिसूक्ष्म छिद्रांतून उबेच्या दिशेने आपण होऊन वाहते. या गुणाचाच पंप करून जून १९९३ मध्ये 'एन्डेव्हर' यानावर एका पात्रातील हेलियम दुसऱ्या पात्रात नेण्यात आले. पुढे अंतराळ स्थानकावर ४२ लिटर द्रवरूप मिथेन चार महिने जराही न घटता टिकविले गेले. परंतु एप्रिल २०१९ मध्ये शीतयंत्र बिघडले आणि ते सोडून द्यावे लागले. शिवाय 'हर्शेल' पृथ्वीपासून सुमारे १५ लक्ष किलोमीटर दूर होती. तेथवर हेलियम पोचविणारे यानच नव्हते!

तेव्हा शास्त्रज्ञांनी दुसरा मार्ग धरला. २५ डिसेंबर २०२१ रोजी निघालेल्या 'वेब' दुर्बिणीला पाच पदरी छत्रीने सूर्याची उष्णता अडविली जाते. तिच्या एका उपकरणाला याहूनही अधिक थंडी लागते. त्यासाठी बंद नळ्यांतून तेच ते हेलियम फिरत राहते व उपकरण उणे २६६ अंशांखाली ठेवते. वाया काहीच जात नाही. जवळचे थोडे धन जपून पुन्हा पुन्हा उपयोगात आणणारा प्रवासी दूरचा पल्ला गाठतो, हेच खरे.

स्वाध्याय
१. दुर्बीण थंड का ठेवावी लागते?
२. 'हर्शेल' व 'वेब' यांच्या शीतलतेच्या साधनांतील भेद सांगा.