सुरू न होणारा संगणक : एक तर्कशुद्ध तपासणी

कलाशाखेच्या विद्यार्थ्याचा आणि संगणकाचा संबंध काय, असा प्रश्न एके काळी विचारला जात असे. आज तो प्रश्न उरलेला नाही. प्रकल्पाचे लेखन, सर्वेक्षणाच्या नोंदी, प्रवेशाचे आणि परीक्षेचे अर्ज ही सारी कामे संगणकावरच होतात. शिवाय आपल्या वसई परिसरात कादोडी, वाडवळी यांसारख्या बोली आहेत. त्या बोलींतील गाणी, म्हणी, लग्नविधींची वर्णने एखाद्या आजीकडून ध्वनिमुद्रित करून घेतली, तर ती शेवटी कुणाच्या तरी संगणकातच जाऊन बसतात. सांगणारी व्यक्ती हयात राहिली नाही, की ते मुद्रण पुन्हा करता येत नाही. असा संगणक एखाद्या सकाळी सुरूच झाला नाही, तर घरातील मंडळी 'मशीन गेले' असे म्हणतात आणि त्याची रवानगी माळ्यावर किंवा भंगारवाल्याकडे होते.

प्रस्तुत लेखात दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. संगणक सुरू न होणे हे त्याचे मरण नव्हे, ते केवळ एक लक्षण होय. आणि लक्षणावरून कारणापर्यंत कसे जावे, हे आपण तर्कशास्त्राच्या तासाला शिकलेलेच आहोत. परंतु ती रीत उपयोगी पडते ती यंत्राचे भाग सुटे करता येत असतील तरच. म्हणून दुरुस्ती आणि खरेदी हे दोन वेगळे विषय नसून एकाच विषयाच्या दोन बाजू आहेत.

सुरू होणे म्हणजे काय?

बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र येईपर्यंत काही सेकंदच जातात. पण तेवढ्यात एक ठरावीक क्रम पार पडतो. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज प्रथम एसएमपीएस या पेटीत जाते. तेथे तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा कमी दाबाच्या एकदिश प्रवाहात रूपांतर होते. हे दाब स्थिर झाले, की एसएमपीएस मदरबोर्डला 'वीज ठीक आहे' असा संकेत देतो. तो मिळेपर्यंत प्रोसेसर काम सुरू करीत नाही. संकेत मिळताच प्रोसेसर मदरबोर्डवरील एका छोट्या चिपमधील पहिल्या सूचना वाचू लागतो. या सूचनासंचास पूर्वी बायोस म्हणत. अलीकडच्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. हा संच रॅम, पडदा, कळफलक यांची हजेरी घेतो, नंतर हार्डडिस्क किंवा एसएसडी शोधतो आणि तेथील विंडोज अथवा लिनक्स या कार्यप्रणालीच्या हाती कारभार सोपवतो.

थोडक्यात, वीज, मदरबोर्ड व प्रोसेसर, रॅम, पडदा, साठवण आणि कार्यप्रणाली अशी ही साखळी आहे. संगणक कोठे थांबला हे कळले, की कोणती कडी तपासावयाची ते निम्मे ठरते.

व्यतिरेक पद्धतीचा उपयोग

जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारणशोधाच्या पद्धती मांडल्या. त्यांतील व्यतिरेक पद्धती अशी : दोन प्रसंग सर्व बाबतींत सारखे असून फक्त एका बाबतीत भिन्न असतील, आणि परिणाम एकात घडून दुसऱ्यात घडत नसेल, तर ती भिन्न बाब त्या परिणामाचे कारण, अथवा कारणाचा भाग, होय. संगणकाच्या तपासणीचा सारा नियम यात आला. एका वेळी एकच बदल करावा, यंत्र सुरू करून पाहावे आणि काय झाले ते वहीत लिहावे. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक चालू झाला, तर काम झाले खरे. परंतु ज्ञान काहीच झाले नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

याच पद्धतीचे व्यावहारिक रूप म्हणजे किमान जोडणी. प्रिंटर, पेनड्राइव्ह, स्पीकर काढून ठेवावेत. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकच ठेवावी. एवढ्यावर संगणक सुरू झाला, तर काढलेल्या वस्तू एकेक करून परत लावाव्यात. जी लावल्यावर यंत्र अडते, तिच्यावर संशय धरावा. ती दुसऱ्या खाचेत लावूनही पाहावी, कारण दोष वस्तूत नसून खाचेतही असू शकतो.

धुरावरून अग्नीचे अनुमान करताना हेतू निर्दोष आहे ना, हे पाहावे लागते. येथेही तसेच आहे. पंखा फिरतो, म्हणजे वीज ठीक आहे, हे अनुमान सदोष आहे. पंखा १२ व्होल्टवर फिरतो. इतर दाब कमी पडत असतील, तरी पंखा फिरतच राहील.

लक्षणे आणि कारणे

(१) काहीच हालचाल नाही. प्रथम त्याच सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून पाहावे. नंतर वीजतार, यूपीएस आणि एसएमपीएसच्या मागील बाजूचे छोटे बटण पाहावे. साफसफाई करताना ते नकळत बंद होते. दर्शनी बटणच निकामी झालेले असणेही शक्य आहे. हे सर्व ठीक असल्यास एसएमपीएसवर संशय येतो. त्याच्याजागी दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहावा; मात्र पेटी स्वतः कदापि उघडू नये. आतील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि तार काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो.

(२) पंखे फिरतात, पडदा काळा. पडद्याला वीज आहे काय आणि त्याची तार योग्य ठिकाणी लावली आहे काय, हे आधी पाहावे. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर तार मदरबोर्डच्या नव्हे, कार्डाच्या तोंडात हवी. त्यानंतर रॅमकडे वळावे. वीजतार पूर्ण काढावी, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर विद्युत घालवावी, रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा स्वच्छ कोरड्या कापडाने हलकेच पुसाव्यात आणि दोन्ही बाजूंचा 'टक्' आवाज येईपर्यंत पट्टी बसवावी. दुरुस्ती करणारे कारागीर यासाठी मऊ खोडरबर वापरतात. तो वापरल्यास त्याचा चुरा खाचेत पडू देऊ नये. संगणक 'पीं पीं' असा आवाज करीत असेल, तर तो मोजावा. त्याचा अर्थ कंपनीगणिक वेगळा असतो, तेव्हा तो मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहावा.

(३) सुरू होतो आणि लगेच बंद पडतो. प्रोसेसरवरील पंखा फिरतो काय, तो धुळीने भरला आहे काय, हे पाहावे. अति तापल्यास प्रोसेसर जळण्याऐवजी यंत्र बंद करून स्वतःचे रक्षण करतो. मदरबोर्डवरील नळकांड्यांसारख्या कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली, तर दोष तेथे आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रव भरलेल्या कपॅसिटरमुळे जगभर असंख्य मदरबोर्ड बिघडले होते.

(४) तारीख दरवेळी चुकते. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल असतो. तो संपला, की वेळ आणि मांडणी विसरली जाते. घड्याळाच्या दुकानातही मिळणारा हा सेल बदलणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

(५) 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा संदेश. यंत्राला साठवणीची जागा दिसत नाही, एवढाच याचा अर्थ. विसरून राहिलेला पेनड्राइव्ह काढावा, डिस्कची तार घट्ट करावी, बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते काय ते पाहावे. हार्डडिस्कमधून 'कट् कट्' असा आवाज येत असेल, तर मात्र सर्व प्रयोग तेथेच थांबवावेत. प्रत्येक नव्या प्रयत्नागणिक आतील माहिती हातची जाण्याचा धोका वाढतो.

वसईची हवा आणि वसईची वीज

पुस्तकांत न सापडणारी काही कारणे आपल्या परिसरात आहेत. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस खाडी, मध्ये मिठागरे. त्यामुळे हवेत ओल आणि क्षार दोन्ही आहेत. उन्हाळी सुटीत किंवा पावसाळ्यात महिनाभर बंद ठेवलेला संगणक उघडताना काळा पडदा दिसतो, त्याचे कारण पुष्कळदा रॅमच्या आणि तारांच्या टोकांवर चढलेला गंज एवढेच असते. म्हणून पावसाळ्यात काम नसले, तरी दोन-चार दिवसांनी संगणक अर्धा-एक तास चालू ठेवावा. आतील उबेने ओल जाते.

जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा, विरार येथे पाणी तुंबले, लोकलगाड्या बंद पडल्या आणि तळमजल्यावरील घरांत पाणी शिरले. असे पाणी संगणकास लागले असल्यास तो 'चालतो का पाहू' म्हणून कधीही सुरू करू नये. तार काढावी, नाण्याचा सेल काढावा, डिस्क वेगळी करावी आणि यंत्र जाणकाराकडे न्यावे. पाण्याने होते त्याहून अधिक हानी ओल्या यंत्रात वीज सोडल्याने होते. पंखांच्या उंचीवर नाही, तरी निदान टेबलावर संगणक ठेवावा, ही खबरदारी फुकटची आहे.

विजेविषयी दोन सूचना. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर त्या घरात अर्थिंग नाही असे समजावे. एसएमपीएसमधील गाळणीतून अत्यल्प प्रवाह धातूच्या पेटीत येतो. त्याने जमिनीत उतरावे म्हणूनच तिसरी पिन असते. ती पिन मोडून दोन छिद्रांत प्लग बसवणे म्हणजे ही वाट बंद करणे होय. दुसरे असे, की वीज गेल्यावर एसएमपीएस सुमारे सोळा-सतरा सहस्रांश सेकंदच तग धरतो. घरच्या इन्व्हर्टरला त्याहून अधिक वेळ लागला, तर दिवे चालू राहूनही संगणक बंद पडतो. बऱ्याच इन्व्हर्टरांवर 'यूपीएस' अशी खूण असलेले बटण असते. ते त्या स्थितीत ठेवावे.

आधी माहिती, मग यंत्र

मदरबोर्ड गेला तरी डिस्क शाबूत असू शकते. ती काढून साध्या जोडतारेने दुसऱ्या संगणकास लावली, तर आतील लेखन आणि ध्वनिमुद्रणे मिळतात. मात्र नव्या विंडोजच्या अनेक यंत्रांत डिस्कवर बिटलॉकरचे सांकेतिक कुलूप असते. त्याची किल्ली, म्हणजे अंकांची लांबलचक ओळ, आधीच कागदावर उतरवून ठेवलेली बरी. आणि जे पुन्हा मिळवता येणार नाही, त्याची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या घरी ठेवावी. दुरुस्तीवाल्यास 'फॉरमॅट करा' असे सांगण्यापूर्वी एवढे झालेच पाहिजे.

वाढू शकणारा संगणक

वर सांगितलेले सर्व उपाय शक्य होतात, कारण डेस्कटॉप संगणक सुट्या भागांचा असतो. ही परंपरा १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीपासून रुजली. त्यात जादा कार्डे बसवण्यासाठी पाच खाचा होत्या आणि त्याच्या मंडलांचे आराखडे छापून प्रसिद्ध झाले होते. त्यामुळे इतरांनाही जुळणारे भाग करता आले. १९९५ मध्ये आलेल्या एटीएक्स मानकामुळे मदरबोर्ड आणि एसएमपीएस यांची मापे ठरली. या मापांचा संगणक घेतला, तर कोणत्याही कंपनीचा भाग त्यात बसतो. याउलट काही तयार संगणकांत एसएमपीएस कंपनीच्या खास आकाराचा असतो, तर पडद्यातच सर्व काही असलेल्या यंत्रांत पुष्कळदा बदलण्यासारखे फारच थोडे असते. दुकानदारास किमतीपूर्वी विचारावयाचा प्रश्न हा की, 'यातले काय काय बदलता येते?'

रॅमच्या किमान दोन खाचा असाव्यात आणि शक्य तर एक रिकामी राहावी. दोन जुळ्या पट्ट्यांनी वेग थोडा वाढतो. पण पुढे वाढवण्याची सोय अधिक मोलाची वाटत असेल, तर एका मोठ्या पट्टीने सुरुवात करावी. डीडीआर ४ च्या खाचेत डीडीआर ५ ची पट्टी बसत नाही, हे जुना भाग विकत घेताना विसरू नये. एसएसडीसाठी एम.२ ची जागा असावी. एसएमपीएस गरजेपेक्षा थोडा अधिक क्षमतेचा आणि चांगल्या प्रतीचा घ्यावा. काटकसर करावयाचीच असेल तर ती दिखाऊ कॅबिनेटमध्ये करावी. प्रोसेसरची बैठक किती वर्षे चालेल, हेही पाहावे. एएमडीची एएम ४ ही बैठक २०१६ मध्ये आली आणि तिच्यावर अनेक पिढ्यांचे प्रोसेसर बसत गेले. इंटेलची २०२१ ची एलजीए १७०० ही बैठक मात्र २०२४ च्या नव्या प्रोसेसरांना चालत नाही.

जुने भाग घेण्यासाठी ग्रँट रोड स्थानकाजवळचा डॉ. भडकमकर मार्ग, म्हणजेच लॅमिंग्टन रोड, प्रसिद्ध आहे. तेथे जाण्यापूर्वी मदरबोर्डचे नाव कागदावर लिहून न्यावे. हार्डडिस्कवर चालणाऱ्या जुन्या संगणकात केवळ एसएसडी बसवली, तरी तो पुष्कळच चपळ होतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते, ती जुन्या यंत्रांत नसते. म्हणून चांगली चालणारी यंत्रेही टाकून दिली जाऊ लागली आहेत. अशा यंत्रावर लिनक्स उत्तम चालते. सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय आवृत्तीही उपलब्ध आहे. मराठी टंकलेखन आणि वाचन यांस तेवढे पुरेसे आहे.

समारोप

आपल्या देशात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आणि १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. हक्क आणि नियम आवश्यक आहेतच. पण दुरुस्तीचा हक्क तोच बजावू शकतो, जो यंत्र उघडून पाहण्याचे धैर्य करतो आणि उघडता येईल असेच यंत्र घेतो. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. एक पेचकस, एक वही आणि एका वेळी एकच बदल करण्याचा संयम एवढे भांडवल पुरते. कारणाचा शोध घेण्याची सवय ही कोणत्याही एका शाखेची मिरास नाही. ती आपल्या अंगी असेल, तर संगणक बंद पडला म्हणून कुणा आजीचे गाणे त्याच्याबरोबर भंगारात जाणार नाही.