तणात लपलेला रोग

आपल्या जुन्नर-आंबेगावात टोमॅटोवर कित्येकांचे घर चालते. २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर भागात या पिकावर रोग पडला. फळ सारखे लाल होईना. पिवळे-हिरवे डाग राहू लागले. लोक त्याला ‘तिरंगा’ म्हणू लागले. असे टोमॅटो खाऊन माणूस आजारी पडतो, अशी आवईही उठली.

रोगट नमुने बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेत गेले. तेथे त्यांत ‘कुकुंबर मोझॅक’ हा विषाणू सापडला.

विषाणू नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मग तो ओळखायचा कसा? आपण अक्षरे जुळवून नाव वाचतो ना, तसेच. विषाणूच्या पोटात जणू चारच अक्षरांत लिहिलेला मजकूर असतो. शास्त्रज्ञ तो यंत्राने वाचतात आणि माहीत असलेल्या विषाणूंशी ताडून पाहतात. जुळला तर जुना. कोणाशीच पुरेसा जुळला नाही, तर नवा! तणाची पाने तपासूनही असे नवे विषाणू सापडतात.

तण का तपासायचे? कुकुंबर मोझॅक अनेक तणांतही राहतो. तण वरून हिरवेगार, पण आत रोग. मावा त्याचा रस शोषतो आणि उडून टोमॅटोवर बसतो. सोंड खुपसली, की थोड्याच वेळात रोग लागतो. फवारणीने मावा मरेल, पण लागलेला रोग जात नाही.

म्हणून लागवडीआधीच बांध स्वच्छ करावा. रोगट रोप दिसताच उपटून पुरावे. आणि भिऊ नये. झाडाचा हा विषाणू माणसाला बाधत नाही.

सांगा पाहू : तुमच्या बांधावर कोणकोणते तण आहे?