दोन डबे, दोन मापं

कर्जतजवळच्या आमच्या घरामागे 40,000 लिटरचा पोहण्याचा तलाव आहे. सुटीत नातवंडं दिवसभर पाण्यात असतात, म्हणून पाण्याची देखभाल मी स्वतःकडे घेतली. पाच वर्षं सगळं सुरळीत चाललं आणि यातलं आपल्याला कळतं, असं मी धरून बसले.

एका मे महिन्यात नेहमीची टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) पावडर संपत आली. दुकानदाराने ‘हेही पुलाचंच क्लोरीन’ म्हणून दुसरा डबा दिला. त्यावर कॅल्शियम हायपोक्लोराइट असं लिहिलेलं मी वाचलं, पण फरक विचारला नाही. बादलीच्या तळाशी टीसीसीएचा ओलसर थर उरला होता, त्यावरच नवी पावडर ओतली. बादली चरचरू लागली, तापली आणि पिवळट-हिरवा धूर उसळला. पंपाच्या खोलीला दार एकच. घशात आग झाली, डोळे उघडेनात. ‘ताई, बाहेर चला!’ म्हणत माळीकाकांनी दंडाला धरून ओढलं, म्हणून वाचले. ती रात्र रुग्णालयात ऑक्सिजनवर गेली. क्लोरीनमुळे फुप्फुसांत पाणी व्हायचं असेल तर ते काही तासांनीही होतं, म्हणून डॉक्टरांनी घरी सोडलं नाही.

दोन्ही पावडरी पांढऱ्या, दोन्हींना तोच वास. पण टीसीसीए आम्लधर्मी आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट अल्कधर्मी. त्या एकत्र आल्या, त्यात ओल मिळाली, की उष्णता आणि विषारी वायू तयार होतात; आग लागू शकते, स्फोटही होतो. हायपोक्लोराइटवर ॲसिड पडलं तरी क्लोरीन वायू सुटतो.

म्हणून आधी आपल्याकडे काय आहे ते ओळखा. टीसीसीएमध्ये सुमारे 90 टक्के क्लोरीन असतं. त्यातलं सायन्युरिक आम्ल क्लोरीनला उन्हात टिकवतं, मात्र ते पाण्यात साठत जातं आणि फार साठलं की क्लोरीनचं काम मंदावतं. मग थोडं पाणी बदलण्यावाचून गत्यंतर नसतं. कॅल्शियम हायपोक्लोराइटमध्ये 65 ते 70 टक्के क्लोरीन असतं. त्यात हे आम्ल नाही, पण बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात त्याने फरशीवर पांढरे थर चढतात. पातळ हायपोचा, म्हणजे द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइटचा, जोर उन्हाळ्यात कॅनमध्येच उतरतो. ते थोडं थोडंच आणावं. गरम पाण्याच्या टबात, म्हणजे स्पामध्ये, सायन्युरिक आम्ल असलेली पावडर वापरू नये.

आता मात्रा. तलावात मोकळं क्लोरीन किमान 1 पीपीएम हवं. सायन्युरिक आम्ल असेल तर 2, आणि स्पामध्ये किमान 3. पीएच 7.2 ते 7.8 ठेवा. आमच्या तलावात क्लोरीन 1 पीपीएमने वाढवायला 65 टक्क्यांची पावडर साधारण 60 ग्रॅम पुरते. म्हणून मूठभर टाकण्याची सवय सोडा, चाचणीच्या पट्ट्या आणि वजनकाटा वापरा. पाण्याला उग्र वास आला तर क्लोरीन जास्त झालं असं समजू नका. घाम-लघवीशी संयोग होऊन ते खर्ची पडलं की तसा वास येतो. अशा वेळी आधी चाचणी करा.

पावडर नेहमी पाण्यात टाका, पावडरीवर पाणी कधीच ओतू नका. हातमोजे आणि चष्मा घाला, काम उघड्यावर करा. धूर निघालाच तर काही वाचवायला थांबू नका. क्लोरीन वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. वाऱ्याच्या उलट दिशेने, उंचावर जा. डोळे निदान 15 मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा.

आता आमच्याकडे टीसीसीए घराच्या एका टोकाला आणि हायपोक्लोराइट दुसऱ्या टोकाला असतं, दोन्ही कोरड्या जागी. प्रत्येकाचं माप आणि बादली वेगळी. डब्यांवरचा मजकूर इंग्रजीत होता आणि मला ओढून बाहेर काढणाऱ्या माळीकाकांना तो वाचताच येत नव्हता. म्हणून दोन्ही डब्यांवर मी लाल रंगाने ठळक मराठीत लिहिलं आहे: ‘दुसऱ्यात मिसळू नका.’ तुमच्याकडे पाण्याचं काम जो करतो, त्याला वाचता येईल अशा भाषेत आजच लिहा.