जंगल, नकाशा आणि नोकरी

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात २०१९च्या फेब्रुवारीत एका तरुण वाघाला रेडिओ कॉलर बसवली गेली. स्वतःचा इलाखा शोधायला तो जूनमध्ये निघाला, तेलंगणात शिरला, परत महाराष्ट्रात आला आणि शेतं, नाले, रस्ते ओलांडत डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. चाल सुमारे १,३०० किलोमीटरची. त्याचं नाव पडलं ‘वॉकर’.

तो याच वाटेने का गेला? दिवसा कुठे दडला? उद्या ही वाट बंद झाली तर टिपेश्वरच्या पुढच्या वाघांनी जायचं कुठे? अशा प्रश्नांची उत्तरं शोधणं हे काही जणांचं रोजचं काम आहे. मुलगा किंवा मुलगी ‘मला हेच करायचंय’ म्हणत असेल, तर घाबरण्याआधी हे काम नेमकं काय असतं ते पाहू.

विषय काय आहे?

जागेची रचना आणि सजीवांची हालचाल यांचा परिसंस्थेवर काय परिणाम होतो, हा या अभ्यासाचा गाभा. लँडस्केप इकॉलॉजी आणि मूव्हमेंट इकॉलॉजी ही त्याची नावं. बेटाचा आकार आणि मुख्य भूमीपासूनचं अंतर यावर तिथल्या प्रजातींची संख्या ठरते, असा सिद्धान्त मॅकआर्थर आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये पुस्तकरूपात मांडला. शेती आणि वस्तीने वेढलेल्या आपल्या अभयारण्यांची अवस्थाही बरीचशी बेटांसारखीच आहे. म्हणून त्यांना जोडणारे भ्रमणमार्ग महत्त्वाचे. अभ्यास फक्त वाघाचा नसतो. बिया, परागकण, मासे, रोगजंतू, सगळ्यांच्या प्रवासाचा असतो.

प्रत्यक्ष काम कसं असतं?

नागपूर-सिवनी महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करताना महाराष्ट्राच्या हद्दीत सुमारे १६ किलोमीटरच्या पट्ट्यात प्राण्यांना जायला नऊ ठिकाणी पुलाखालून वाटा ठेवल्या. काही ५० मीटर रुंद, तर काही ७५० मीटर. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरा ट्रॅप लावले. २०१९च्या मार्च ते डिसेंबरमध्ये १८ प्रजातींच्या वन्यप्राण्यांचे ५,४५० फोटो मिळाले. वाघ ८९ वेळा दिसला. पुढच्या रस्त्याच्या वेळी वाट कुठे आणि किती रुंद हवी, हे सांगायला अशा नोंदी लागतात.

जंगलातले दिवस त्यामानाने थोडे. कॉलरकडून येतात त्या तारीख, वेळ, अक्षांश आणि रेखांशाच्या हजारो ओळी. दाट झाडीखाली जीपीएस चुकतं आणि वाघ एका तासात भलत्याच तालुक्यात दिसतो. अशा नोंदी गाळायच्या, उरलेल्या नकाशावर मांडायच्या आणि त्यात दिसणारी वाट ‘योगायोग नाही’ हे संख्याशास्त्राने दाखवायचं. प्राण्यांची आवड हवीच, पण आकडेमोडीचा कंटाळा असेल तर इथे निभाव लागणार नाही.

कुठे शिकता येईल?

बारावी विज्ञान हा सोयीचा रस्ता. जीवशास्त्र घ्या, पण गणित सोडू नका. पदवीला प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, संख्याशास्त्र चालतं. पुण्याच्या आयसरमधला बीएस-एमएस हाही पर्याय आहे. पुढे डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस इथले वन्यजीवविषयक एमएस्सी नावाजलेले. जागा मोजक्या असतात आणि दरवर्षी नवी तुकडी घेतली जातेच असं नाही, म्हणून वर्षभर आधी चौकशी करा. संशोधनासाठी बंगळुरूच्या आयआयएससीचं पारिस्थितिकी विज्ञान केंद्र आणि ‘अत्री’ (ATREE) ही संस्था आहे. नकाशाशास्त्राच्या बाजूने यायचं असेल तर जिओइन्फर्मेटिक्स घ्या.

नोकरीचं काय?

स्पष्ट सांगायचं तर सुरुवात बहुधा प्रकल्पावरच्या कंत्राटी जागेने होते. प्रकल्प संपला की नवा शोधायचा. स्थिर जागा बऱ्याचदा पीएचडीनंतर, म्हणजे तिशीच्या आसपास. घरच्या आर्थिक गणितात हे आधीच धरा.

पण हाती येणारं कसब इतरत्रही चालतं. जीआयएस (संगणकावरचं नकाशातंत्र), उपग्रह प्रतिमा आणि आर ही संगणकभाषा येणाऱ्याला रस्ते-धरणांचे पर्यावरणीय अहवाल करणाऱ्या कंपन्या, शेती आणि नगरनियोजन इथेही काम असतं. सरकारी सेवेची ओढ असेल तर यूपीएससीची भारतीय वनसेवा आहे. तिला प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, अभियांत्रिकी अशा ठरावीक विषयांतली पदवी लागते. भूगोल त्या यादीत नाही, हे पदवी निवडतानाच लक्षात ठेवा.

आधी चाचपून पाहा

लाखभर रुपयांच्या कोर्सची घाई नको. नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर आणि आर फुकट मिळतात. डेहराडूनच्या आयआयआरएसचे दूरसंवेदनावरचे ऑनलाइन कोर्सही विनाशुल्क असतात. गावातल्या तळ्यावरचे पक्षी एक हंगामभर ई-बर्ड या संकेतस्थळावर नोंदवायचे आणि पुढच्या सुट्टीत त्याच नोंदींचा नकाशा करायचा. पक्षी पाहताना सगळेच रमतात. नकाशा करतानाही मूल रमत असेल, तर पालकांनी या वाटेचा खर्च आणि वर्षं यांचा हिशेब मांडायला हरकत नाही. नकाशापाशीच कंटाळा आला, तर पक्षीनिरीक्षण छंद म्हणून राहू द्यावं आणि दुसरं क्षेत्र निवडावं. तोवर खर्च झालेला असेल तो फक्त एका हंगामाचा वेळ.