विहिरीचें पाणी आणि ऊर्जेचा हिशेब

खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा लोणी काळभोरच्या शिवारांतून पूर्वेस जातो. कालव्याचें पाणी पाटानें आपोआप शेतांत येतें. परंतु कांठच्या विहिरींत पाझरलेलें तेंच पाणी वर काढावयास मोटर लागते. पाणी एकच असतां एकास वीज लागत नाहीं व दुसऱ्यास लागते, याचें कारण समजून घेणें प्रत्येक बागाइतदारास हितावह आहे.

काम करण्याचें जें सामर्थ्य त्यास ऊर्जा म्हणतात. ती अनेक रूपांनीं आढळते. उंचावरील पाण्यांत ती स्थितिरूपानें असते, वाहत्या पाण्यांत गतिरूपानें, चिपाडांत व डिझेलांत रासायनिक रूपानें. उष्णता, प्रकाश व वीज हींही तिचींच रूपें होत. उन्हानें समुद्राच्या पाण्याची वाफ होते, ती सह्याद्रीवर पाऊस होऊन पडते व तें पाणी धरणांत उंचावर साठतें. म्हणजे कालव्याचें पाणी सूर्यानें आधींच उचलून ठेविलेलें असतें. अशा सांठ्यांत केवढी ऊर्जा असते, हें 12 जुलै 1961 रोजीं दिसून आलें. त्या दिवशीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें धरणही फोडलें व पुणें शहराची वाताहत झाली.

ऊर्जा नव्यानें निर्माण होत नाहीं व नाहींशीही होत नाहीं. ती केवळ रूप पालटते. बैल मोट ओढीत तेव्हां कडब्यांतील ऊर्जेनें पाणी वर येई. आज तेंच काम वीज करते, मग ती कोयनेच्या पाण्यापासून होवो, कोळशापासून होवो, वा सौर पंपांत थेट उन्हापासून होवो. मात्र प्रत्येक पालटांत कांहीं भाग उष्णता होऊन निसटतो. नुकत्याच थांबविलेल्या मोटरीजवळ हात नेल्यास जी ऊब लागते, ती पाणी न उचलतां गेलेली वीजच होय.

हा तोटा मोजतां येतो. 1 घनमीटर, म्हणजे 1,000 लिटर पाणी, 1 मीटर उचलण्यास सुमारें 9,800 ज्यूल लागतात. विजेच्या एका युनिटांत 36 लक्ष ज्यूल असतात. म्हणून पाण्याच्या घनमीटरांस उंचीच्या मीटरांनीं गुणून 367 नें भागावें, म्हणजे निदान किती युनिटें लागावींत तें निघतें. उदाहरणार्थ, 200 लिटरचें पिंप 20 सेकंदांत भरत असेल तर तासास 36 घनमीटर पाणी येतें. विहिरींतील पाण्यापासून नळाच्या तोंडापर्यंतची उंची 10 मीटर असल्यास तासास जवळजवळ 1 युनिट पुरावें. मीटरावर 2 युनिटें पडलीं, तर निम्मी ऊर्जा वाटेंत गेली असें समजावें.

ती जाते कोठें? पहिली वाट अरुंद नळाची. प्रवाह तोच ठेवून नळाचा व्यास निम्मा केला, तर घर्षणाचा तोटा सुमारें 32 पट होतो. अनावश्यक वांकणें, कचऱ्यानें तुंबलेली फूटव्हॉल्व्हची जाळी, पंपाचा झिजलेला पंखा व कोरडें बेअरिंग, हींही तोट्याचीं कारणें होत.

विजेचें बिल कोणीही भरो, शेतास मिळणारे विजेचे तास मोजके असतात. त्या तासांतील ऊर्जा घर्षणांत व उष्णतेंत गेली, तर शेवटचे वाफे कोरडे राहतात व ऐन उन्हाळ्यांत ऊस वाळतो. यास्तव अधिक मोठी मोटर घेण्यापूर्वीं पिंप व घड्याळ घेऊन आपल्या पंपाचा हा हिशेब प्रत्येकानें एकदां अवश्य करून पाहावा.